किटली भरता आली पाहिजे

मंगळवार, ९ जानेवारी

परत पूर! बाबांच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, आणि मधोमध बाबा, हातात फरशी पुसायचं फडकं. "जरासं सांडलंय," म्हणाले. जरासं! खाली तळघरात ठिबकत होतं. सिंकला बूच लावून भांडी घासायला घेतली, आणि गार पाण्याचा नळ पुरता बंद झालाच नाही. तसाच सोडून बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसले. चावी फिरत नाही म्हणे. फिरेल कशी? बोटांच्या पार आल्याच्या कांड्या झाल्यात, आणि नळ त्यांच्या लग्नाच्या वर्षातला. त्यांचं लग्न टिकलं, आणि नळही टिकला. माझ्या घरातलं दोन्ही गेलं.

पुसलं. पिळलं. पुन्हा पुसलं. टोस्टवर बीन्स घालून त्यांना दिले, तळघरातली ओली खोकी मागच्या अंगणात नेऊन टाकली. निघताना म्हणाले, "थांब की जरा, चहा करतो." म्हटलं, बाबा, आज पाण्याचं नावसुद्धा काढू नका.

बुधवार, १० जानेवारी

काउन्सिलच्या वृद्धसेवा विभागातून फोन. बर्नाडेट नावाच्या बाई, आवाज तरुण. नोव्हेंबरात बाबा पडले आणि रुग्णालयात राहून आले, तेव्हापासून त्यांचं नाव ह्या बाईंकडे आहे. फेब्रुवारीत घरी येऊन परीक्षा घेणार. कसली, तर चहाची! बाबांनी एकट्यानं किटली भरायची, उकळायची, कपात ओतायचं, दूध घालायचं, मागाहून कप विसळायचा. कोणी मदत करायची नाही. जमलं तर घरी राहायला हरकत नाही. नाही जमलं तर — "मग पुढचा विचार करू आपण."

पुढचा विचार म्हणजे टेकडीवरचा वृद्धाश्रम. ते त्याही जाणतात, मीही जाणते. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. सबंध आयुष्य डोंगरातल्या रस्त्यांवर बस चालवली, हिमवर्षावातसुद्धा. आता चहा करून पास व्हायचं!

रात्री इयनला कळवलं. माझा धाकटा भाऊ, राहतो ब्रिस्टलला, सल्ले तिथूनच देतो. "लोरेन, अगं आता पुरे. तिथं ऊब आहे, वेळेवर जेवण आहे. तू तरी किती धावणार?" म्हटलं, तू ये आणि तूच सांग त्यांना. मग लगेच त्याची मीटिंग निघाली.

आई गेली ती वॉर्डात. पडदा ओढलेला, पलीकडे कोणाचा तरी टीव्ही चालू. आम्ही पार्किंगमध्ये जागा शोधत होतो. बाबांच्या बाबतीत हे होऊ देणार नाही. ते आपल्या घरात राहतील. बस.

आणि त्यासाठी नळ बदलायचा. चांगला, त्यांच्या बोटांना जमेलसा. हे तरी माझ्या हातात आहे.

शनिवार, १३ जानेवारी

गावाबाहेरच्या रस्त्यावरच्या त्या मोठ्या दुकानात गेले. नळांची भिंत! वरपासून खालपर्यंत नुसते नळ. हंसासारखी मान वळवलेले, काळे कुळकुळीत, सोनेरी, तोटी ओढली की लांब होणारे. दिवे लागणारेही. पाणी गरम असलं की लाल दिवा, गार असलं की निळा. मी तिथं लग्नाला आलेल्या परक्या पाहुण्यासारखी उभी. मला एकच कळत होतं — सगळे सुंदर आहेत आणि मला कोणाचंच काही ठाऊक नाही.

विक्रेत्याला म्हटलं, वडिलांची बोटं वळत नाहीत. त्यानं लगेच एक दाखवला. एकच तोंड, वर एकच दांडी. वर उचलली की पाणी, खाली दाबली की बंद. डावीकडे नेली की गरम, उजवीकडे गार. "मॅडम, एका बोटानं चालतो." आणि चालवून दाखवला, एका बोटानं! भिंतीवरचा होता, त्यातून पाणी काही येत नव्हतं. पण दांडी लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. मी तिथंच रडायच्या बेताला आले.

घेतला. तो काही विचारेना, मीही काही विचारलं नाही. मला घरी जाऊन पाय वर करून बसायचं होतं.

सोमवार, १५ जानेवारी

दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोनवर. सगळ्यांना आजच वेळ हवी. मग बाबांकडे.

खोका उघडून दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग जुन्या नळांकडे बघितलं.

"ह्यांना काय झालंय?"

"बाबा, गेल्या मंगळवारी काय झालं?"

"पाणी तर येतंय."

"येतंय हो. थांबत नाहीये!"

"तू एवढा खटाटोप कशाला करतेस, पोरी?"

मी चिडले. खटाटोप कशाला म्हणे! कोणासाठी चाललंय हे सगळं? कपाटाचं दार जोरात लावलं. त्यांनी ते ऐकलं. मी निघताना मात्र त्यांनी विचारलं, "प्लंबर कधी येणार? चहा घेणारा आहे ना?"

शनिवार, २० जानेवारी

ट्रेव्हर प्लंबर दहाला येणार होता, बारा वाजता उगवला. "रस्त्यात बर्फ होतं." नव्हतं. बाबांनी सकाळपासून दाढी करून, जाकीट घालून, बिस्किटं मांडून ठेवली होती. जणू नळ बसवायला महापौर येणार होते. ट्रेव्हरला ते सिंकखाली डोकं घालूच देईनात. त्रेसष्ट सालची थंडी, घाटात अडकलेली बस, बसमधल्या बाईला सुरू झालेल्या कळा — सगळं ऐकवलं. ट्रेव्हरही खुशाल ऐकत बसला. त्याला तासाचे पैसे.

मग एकदाचे जुने दोन नळ निघाले. एका भोकात नवा नळ, दुसऱ्यावर पत्र्याचं टोपण. पाणी सोडलं. गार आलं, झकास! गरमाकडे दांडी नेली. आणि काय, पेन्सिलीएवढी धार. तीही मध्येच खोकत.

"टाकीचं पाणी आहे," ट्रेव्हर म्हणाला. "गार सरळ रस्त्याखालच्या मोठ्या नळातून येतं, गरम मात्र तुमच्याकडे माळ्यावरच्या टाकीतून. त्याला जोर कुठला? हे नळ जोर असलेल्या नव्या घरांसाठी असतात."

"मग बसवायच्या आधी का नाही बोललास?"

"तुम्ही नळ घेऊन ठेवलेला होता, ताई. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला! मी दातांच्या वेळा देते.

तरी राहू दिला. गरम पाणी हळू येतं तर येऊ दे, चहाला गारच लागतं. आणि बंद होतो एका बोटानं. बाबांनी करून दाखवलं. "छान आहे हो," म्हणाले. ट्रेव्हरला.

सोमवार, २२ जानेवारी

फरशी कोरडी. सिंक कोरडं. देवा, आज मी त्यांच्याकडे फक्त अर्धा तास होते.

गुरुवार, २५ जानेवारी

कोट न काढताच लिहायला बसलेय.

डॉक्टर आजारी, दवाखाना दुपारीच बंद केला. म्हटलं बाबांकडे लवकर जावं. पुढचं दार उघडलं तर घरात वारा भणाणतोय. मागचं दार सताड उघडं. आणि बाबा मागच्या अंगणात, स्लिपर्स घालून, अंगात नुसतं लोकरीचं जाकीट, वाकून उभे. हातात किटली. भिंतीवरच्या नळाखाली धरलेली. तो बागेला पाणी घालायचा नळ! फरशांवर काचेसारखा बर्फ.

मी ओरडले. ते म्हणाले, "हळू. शेजारी ऐकतील."

आत आणलं, खुर्चीत बसवलं, मोजे बदलले. ओले होते. म्हणजे ही पहिली फेरी नव्हती! खोदून खोदून विचारलं. नळ बसवल्यापासून चहाचं सगळं पाणी अंगणातून आणतायत. रोज. शनिवारी ट्रेव्हर गेल्यापासून.

"पण का, बाबा?"

"त्या नळाचं कसं प्यायचं? त्यातून माळ्यावरचंही येतं."

"तुम्ही दांडी उजवीकडे केलीत की नुसतं गारच येतं ना?"

"तोंड तर एकच आहे." मग माझ्याकडे असं बघितलं जसं मी अजून शाळेत आहे. "टाकीत कबूतर सापडलं होतं. विसरलीस? तुझी आई आठवडाभर तोंड धूत होती."

कबूतर! मी जन्मायच्या आधीची गोष्ट, पण आम्ही तिच्यावरच वाढलो. गरम नळाचं पाणी तोंडात घालायचं नाही. गरम भांड्यांना, गार माणसांना. दात घासताना, औषध घेताना, अर्ध्या झोपेत असलं तरी हात उजव्या नळाकडेच जायचा. आमच्या सबंध गल्लीत कोणालाही विचारा, असंच सांगतील. म्हणून तर दोन नळ! मी ते दोन उपटून एक लावला, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यांना समजावायला त्याच नळाचा पेला भरला. "हे बघा, मी पिते." ओठाला लावला. आणि प्यायले नाही. खरंच सांगते, घोट गिळवेना. शनिवारपासून मीही त्यांच्याकडे पाणी प्यायले नव्हते, येताना बाटली घेऊन येत होते. माझ्या मलाच आत्ता कळलं.

बाबा हसले. मला नाही आलं हसू. पडले असते तर?

रविवार, २८ जानेवारी

इयनला सांगायची चूक केली.

"म्हणजे आता ते बर्फात जाऊन चहाचं पाणी आणतात? हे तू त्या काउन्सिलच्या बाईला सांगणार आहेस ना?"

"नाही."

"लोरेन, तू हे त्यांच्यासाठी करतेयस की तुझ्यासाठी?"

फोन ठेवून दिला. मग तासभर इस्त्री करत बसले, इस्त्रीची गरज नसलेल्या टॉवेलांनासुद्धा.

मंगळवार, ३० जानेवारी

दिवसभर लोकांचे दात दुखत होते. माझं बाकीचं सगळं दुखतंय.

शनिवार, ३ फेब्रुवारी

टेकडीखालच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बाबांना घेऊनच गेले ह्या वेळी. मिसेस टॉर्डॉफ अजून बसते गल्ल्यावर. सत्तरीची असेल, जाड भिंगाचा चष्मा, आणि मला अठ्ठावन्नाव्या वर्षी 'बाळ' म्हणते. मला बरं वाटलं, लपवत नाही.

नळ मागितला तर नळ काढीचना. प्रश्नच प्रश्न. घर कधीचं? टाकी माळ्यावर का? सिंकला भोकं किती? कोण वापरणार? मग बाबांना खुर्ची दिली, आणि म्हणाली, "हात दाखवा." त्यांचा हात उलटा-सुलटा करून बघितला. "मूठ वळत नाही, पण ढकलता येतं ना?" येतं म्हणाले. "मग झालं तर."

दोन वेगळेच नळ घ्यायचे, हे तिनं एका वाक्यात संपवलं. "जुन्या घरात एक तोंड लावता येतं, नाही असं नाही. आतून दोन वाटा असलेली तोटी मिळते, पाणी बाहेर पडेपर्यंत एकत्र होत नाही. पण ह्यांना ते पटवायला तुला जन्म लागेल." बाबांनी मान डोलावली. दोघंही माझ्याकडे बघत होते.

मग तिनं दोन नळ माझ्या दोन हातांत दिले. दिसायला जुळे. एक हलका, एक चांगलाच जड. "जड तो पितळेचा. हलका कसल्यातरी स्वस्त मिश्रधातूचा, वर चकचकीत मुलामा. दोन-चार वर्षांत पापुद्रे निघतात, बोट कापतं." जडात पुन्हा दोन प्रकार. एकाला आत रबरी वॉशर, फिरवत बसायचा. दुसऱ्याला आत चिनीमातीच्या चकत्या, पाव फेरा दिला की पूर्ण उघडा, परत आणला की पूर्ण बंद. आणि वर दांडी. "आणि अजून एक विचारायचं, बाळ, कोणी विचारत नाही. आतली चकती पुढं सुटी मिळेल का? देखणे असतात त्यांचं काहीच मिळत नाही. मग अख्खा नळ फेकायचा."

मी त्या भिंतीसमोर उभी होते तेव्हा ही बाई कुठं होती! अर्थात इथंच होती. मीच आले नाही.

दांडी किती लांब, यावरून मात्र तंटा. मला लांब हवी होती, कोपरानं ढकलता येईल अशी. बाबांनी हात मागे घेतला. "हा नळ बघून मला वाटतं आता सुई टोचणार." खरंच, रुग्णालयातच असतात तसले. बोटभर दांडीचे निवडले त्यांनी. डोळे मिटून उघड-बंद केले, पुन्हा केले, मग म्हणाले, "हे." एकावर लाल ठिपका, एकावर निळा. चेहरा सोळा वर्षांच्या पोरासारखा खूश.

मग तिचा मृत नवरा त्यांच्याच बसनं कामाला जायचा असं निघालं, आणि दुपार झाली. मी दोनदा घड्याळ दाखवलं.

गाडीत बसताना म्हणाले, "परत कधी यायचं?"

"इथं? कशाला? मिळाला की नळ."

घरापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. दमले असतील.

सोमवार, ५ फेब्रुवारी

ट्रेव्हर परत आला, ह्या वेळी कुत्र्याला घेऊन. बाबांनी त्याच्यासाठी आल्याचा केक आणायला मला पाठवलं. "कुत्र्यालाही काहीतरी आण." नळ बसले. डावीकडे लाल, उजवीकडे निळा, जिथले तिथं. ट्रेव्हर त्या एकतोंड्या नळाकडे बघून म्हणाला, "हा कोणाला तरी विकून देऊ का?" म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोरून ने.

तो गेल्यावर बाबा खिडकीशी उभे राहिले, गाडी वळेपर्यंत. "बरा माणूस आहे," म्हणाले. मी कचरा बांधत होते.

बुधवार, ७ फेब्रुवारी

सराव. पहिल्याच वेळी निळी दांडी ढकलली ती अशी की पाणी चमच्यावर आपटून सरळ बाबांच्या शर्टावर! अख्खी छाती भिजली. हयातभर चार-पाच फेरे दिल्याशिवाय ज्यांना पाणी मिळालं नाही, त्यांना पाव फेरा म्हणजे काय ते कळणार कसं? आणि बंद करताना उलटं. बंद झाल्यावरही दाबतायत, दाबतायत. जुनी सवय, वॉशर आवळायची.

"बाबा, थांबतो तिथं थांबा. त्याचा गळा नाही दाबायचा!"

"थांबला हे कळायला नको?"

"पाणी थांबलं ना!"

खाली बघितलं. "हां. थांबलं की."

दोघंही हसत सुटलो. ते ओल्या शर्टात, मी सिंकला टेकून. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. मग त्यांनी चहा केला, मी प्याले. चुकलं, पुन्हा केला, पुन्हा प्याले. शेवटचा कप अगदी नीट झाला. माझं पोट आता चहाची टाकी.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

दवाखान्यातून त्यांच्या दारापाशी गेले आणि गाडीतच बसून राहिले. इंजिन बंद. गारवा चढत होता. आत मासे-चिप्स घेऊन जायचे होते, पुडा मांडीवर, थंड होत चाललेला. उतरवेना. फक्त बसून राहावं, कोणी काही मागू नये, एवढंच.

मला कंटाळा आलाय. लिहून टाकलं. त्यांचा नाही — त्यांचा पण. रोज सकाळी उठताना पहिला विचार, आज काय सांडलं असेल. रोज संध्याकाळी घरात शिरताना नाक आधी आत घालायचं, गॅसचा वास येतो का. मी आजारीसुद्धा पडू शकत नाही. असं म्हणणारी मुलगी चांगली नसते, आणि मी म्हणतेय.

आत गेले तर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. "बराच वेळ बसली होतीस," म्हणाले. दिवाही लावला नव्हता त्यांनी.

म्हटलं, फोनवर होते. मासे परत गरम केले. वातड झाले होते, पण सगळे खाल्ले त्यांनी.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

झाली परीक्षा!

बर्नाडेट तिशीची, केस आखूड, बूट चिखलानं भरलेले. ते दारातच काढले. मोज्याला भोक. मला एकदम धीर आला. मला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबाल का? घरचं माणूस समोर असलं की हात पुढं येतोच." म्हणून मी मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, खिडकीतून बघत. काचेवर वाफ. कोट आतच राहिलेला.

बाबांनी किटली उचलली. सिंकपाशी. हात निळ्याकडे. ढकलली दांडी, हळू, जेवढी हवी तेवढीच. भरली. परत आणली. थांबली तिथं थांबले! मी डब्याच्या झाकणावर मूठ आपटली, शेजारचं मांजर पळालं. पुढं उकळणं, ओतणं, दूध, सगळं. कप दोन काढले. तिला बसायला खुर्ची ओढून दिली, बिस्किटांचा डबा पुढं केला. हे काही परीक्षेत नव्हतं.

मला वाटलं झालं, आता बोलावतील. नाही बोलावलं. दोघं बसून बोलत राहिले. बाबा पुढं वाकून, कप दोन्ही हातांत धरून. तिनं पेन खाली ठेवलं. मी काचेवर टकटक केली, तर बाबांनी हातानं 'थांब' म्हटलं, बसमध्ये शिरणाऱ्यांना करायचे तसं. माझे दात वाजायला लागले होते.

आत आल्यावर बर्नाडेट म्हणाली, "नळ फार छान आहेत हो."

"माझ्या मुलीनं शोधले," बाबा म्हणाले. "फार फिरली त्यांच्यासाठी." आणि डोळे पुसले. मी कप विसळायला घेतला, आणि त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. तोही परीक्षेत होता ना!

गुरुवारी फोन करते म्हणून ती गेली. "काय एवढं बोलत होता?" विचारलं. "इकडचं तिकडचं." मग पॅनकेक केले, आज पॅनकेकचाच दिवस, उपवासाच्या काळाआधीचा मंगळवार. लिंबू पिळून, वर साखर. बाबांनी मला तव्यापाशी जाऊ दिलं नाही. पहिला फाटला, तो स्वतः घेतला.

बुधवार, १४ फेब्रुवारी

दवाखान्यात कोणाकोणाला फुलं आली. मला इयनचा मेसेज — "काय झालं?" उत्तर नाही दिलं. उद्यापर्यंत मी जिंकलेली आहे की नाही, मलाही ठाऊक नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

बर्नाडेटचा फोन आला. बाबा पास. सगळ्यात. मी आनंदानं काहीतरी बोलायला गेले, तर ती म्हणाली, "लोरेन, अजून एक आहे. त्यांनीच मला सांगायला सांगितलंय, त्यांना जमेना म्हणून. तुम्ही अंगणात होता तेव्हा त्यांनी विचारलं, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी आहे का. नोव्हेंबरपासून मनात आहे म्हणाले. दिवसभर बोलायला कोणी नसतं. पण पोर नळाच्या मागे अशी लागली होती, रोज दमून यायची. एवढा चांगला नळ बसवल्यावर जातो म्हणायचं कुठल्या तोंडानं?"

बाबांना फोन लावला. लगेच उचलला, शेजारीच बसले असणार.

"रागावलीस का, पोरी?"

नाही म्हटलं. रागावले नव्हतेच. मला आधी हायसं वाटलं, आणि मग रडू आलं. ह्याच क्रमानं. हे मी त्यांना सांगितलं नाही, इथं लिहितेय.